कड्यावरची जोडी आणि कामाचं वेळापत्रक

बहिरी ससाणा घरटं बांधत नाही. उंच कड्यावरची एखादी कपार निवडायची, तिथल्या बारीक खडीत किंवा मातीत छातीने आणि पायांनी उथळ खळगा करायचा आणि त्यात अंडी घालायची, एवढंच. बांधकामाच्या जागेवर हीच मोठी अडचण होते. झाडावरचं घरटं कुणालाही बोटाने दाखवता येतं आणि झाड तोडायला आलेला माणूसही वर बघून क्षणभर थांबतो. कड्यावरचा खळगा खालून कितीही न्याहाळला तरी दगडच दिसतो, आणि नकाशात त्या दगडावर 'कटिंग' एवढाच शब्द लिहिलेला असतो.

मी रस्ता रुंदीकरणाच्या एका प्रकल्पावर पर्यावरण अभियंता म्हणून काम करत होते. रस्त्याचा एक टप्पा बंद पडलेल्या दगडखाणीला लागून जात होता. खाणीच्या उभ्या भिंतीचा अलीकडचा भाग कापून काढायचा होता, पलीकडचा तसाच राहणार होता. काम चालू होण्याआधी जागेची जी पाहणी करतात, त्यात भिंतीच्या पलीकडच्या भागात, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, एका कपारीखाली पांढरे ओघळ दिसले. शिटेचे ओघळ कावळ्या-कबुतरांच्या बसण्याच्या जागीही असतात, त्यामुळे तेवढ्यावरून काही ठरत नाही. पण भिंतीच्या पायथ्याशी पारव्यांचे पंख पडले होते. दोन्ही पंख छातीच्या हाडाला जोडलेले, मधलं मांस साफ केलेलं आणि हाडाच्या कडेला चोचीने तोडलेल्या त्रिकोणी खाचा. मांजर किंवा मुंगूस असं खात नाही. असं ससाण्याच्या कुळातला पक्षी खातो.

आम्ही एका अनुभवी पक्षितज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या पहिली सूचना केली की कपारीत डोकावायला कुणीही वर चढायचं नाही, दोर लावायचा नाही, ड्रोनही उडवायचा नाही. अंडी घालण्याच्या सुमारास आणि त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत जोडीला त्रास झाला तर ती जागाच सोडून देण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. ड्रोन तर ससाण्याला आपल्या हद्दीत शिरलेला दुसरा पक्षी वाटतो आणि तो त्याच्यावर थेट झडप घालतो. त्यामुळे समोरच्या टेकाडावर दूर बसून, दुर्बीण आणि स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने लांबचं बघायची शक्तिशाली दुर्बीण) लावून नुसतं बघत राहायचं, हीच पद्धत.

बघायचं काय, हे त्यांनी शिकवलं. अंडी दिसत नाहीत, पण अंडी आहेत हे वागण्यावरून कळतं. मादी मोठी असते, नर तिच्याहून साधारण एक तृतीयांशाने लहान. अंड्यांवर बसण्याचं काम बहुतेक मादीच करते, म्हणून ती दिवसातला बराच वेळ दिसेनाशी होते. नर शिकार घेऊन येतो, दूरवरून आवाज देतो, मादी कपारीतून बाहेर झेपावते आणि हवेतल्या हवेत त्याच्या पायातून शिकार उचलून घेते. ती दुसऱ्या खडकावर बसून खाते तेव्हा नर कपारीत शिरतो. असा बदल आम्ही पाहिला, पुन्हा पाहिला आणि वहीत वेळेसकट लिहून ठेवला. खाणीच्या भिंतीवर अंडी आहेत, एवढं नक्की झालं.

वन्यजीव विभागाला कळवणं ही पुढची पायरी. तिची टाळाटाळ करण्यात काही अर्थ नसतो. घरट्याला धक्का लावणं बहुतेक देशांत गुन्हा आहे. भारताच्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं येतं. ब्रिटनच्या १९८१च्या कायद्यात बहिरी ससाण्यासारख्या पक्ष्याला घरट्यापाशी जाणूनबुजून त्रास देणं हा वेगळा गुन्हा मानला आहे. कागदपत्रांचं फार सांगत नाही. पत्र दिलं, पाहणी झाली, अटी आल्या. खरं काम त्यानंतर होतं, कारण अटी सहसा 'पक्ष्यांना त्रास होणार नाही याची दक्षता घ्यावी' अशा भाषेत येतात आणि पोकलेनच्या चालकाला त्यातून उद्या सकाळी मशीन कुठे उभं करायचं ते कळत नाही.

प्रकल्प व्यवस्थापक साहेबांनी बैठकीत विचारलं, "मॅडम, किती दिवस थांबायचं?" प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याला नेमकं उत्तर देता येत होतं, याचं मला फार समाधान वाटलं. अंडी उबायला महिनाभर, फार तर दोन-तीन दिवस इकडे-तिकडे. पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर उडायला सुमारे सहा आठवडे. उडाल्यानंतरही काही आठवडे ती आईबापांवर अवलंबून असतात, पण तोवर कड्याला चिकटून नसतात. मी म्हटलं, "साहेब, काम थांबवायचं नाहीये. या महिन्यांत कुठलं काम कुठे करायचं, एवढं बदलायचं आहे."

मग बारचार्ट, म्हणजे कुठलं काम कधी करायचं याचा तक्ता, उघडला आणि त्यात सगळ्यांत वर एक नवी ओळ घातली. उबवण, लहान पिल्लं, मोठी पिल्लं, उड्डाण असे तिचे चार रंग केले. त्या ओळीखाली बाकीची कामं सरकवत गेलो. खाणीच्या बाजूचं कटिंग आणि सुरुंगाचं काम मागे गेलं. दुसऱ्या टोकाचे मोऱ्यांचे स्लॅब, भराव आणि गटारं पुढे आली. यंत्रं तीच राहिली आणि माणसंही तीच. नियोजन विभागातल्या मुलाने संध्याकाळपर्यंत नवा क्रम बसवून दिला. हे काम सुरू होण्याआधी करता आलं म्हणून इतक्या सहज झालं. ब्रेकर कड्यापाशी उभा राहिल्यावर, डिझेल भरल्यावर आणि डंपरच्या फेऱ्या ठरल्यावर हीच गोष्ट सांगितली असती, तर प्रत्येक तासाचं भांडण झालं असतं. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत लोक कुंपण, फलक आणि पाट्यांबद्दल बरंच बोलतात. माझ्या मते घरटं वाचतं की नाही, याचा निम्म्याहून जास्त निकाल बारचार्टमध्येच लागतो.

अंतर किती ठेवायचं, यावर बरीच चर्चा झाली. अमेरिकेच्या वन्यजीव विभागाने २००७ साली बाल्ड ईगल या गरुडासाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचना मी सोबत नेल्या होत्या. पक्षी वेगळा असला तरी त्यातला विचार उपयोगी पडला. बांधकाम घरट्यातून दिसत असेल तर ६६० फूट, म्हणजे सुमारे २०० मीटर दूर राहायचं, मध्ये आडोसा असेल तर त्याच्या निम्मं अंतर चालतं, आणि सुरुंगासारख्या मोठ्या आवाजाला अर्धा मैल. कान आणि डोळे यांचा वेगळा हिशेब त्यात केलेला आहे, आणि आमच्या कड्यावर तो तंतोतंत पटत गेला. रस्त्यावरून जाणारे ट्रान्झिट मिक्सर, खाली चालणारा रोलर, पाण्याचा टँकर यांच्याकडे मादी फारसं लक्ष देत नसे. तेच एखादा माणूस उघड्यावर चालत आला की ती मान ताणून उभी राही. आणि माणूस कड्याच्या वर, तिच्या डोक्यापेक्षा उंच जागी आला, तर ती अंडी सोडून उठे. ससाणा वरून हल्ला करणारा पक्षी आहे. त्याची झडप ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाते. उंचीचा फायदा कुणाला मिळतो हे त्याला कळतं, म्हणून वर उभ्या राहिलेल्या माणसाला तो फार धोक्याचा मानतो.

म्हणून आम्ही दोन हद्दी आखल्या. एक यंत्रांसाठी, जरा जवळची. दुसरी पायी माणसांसाठी, बरीच लांबची, आणि तिच्यात कड्याचा संपूर्ण माथा आला. मजुरांना हे उलटं वाटलं. मुकादम म्हणाला, "मॅडम, पोकलेन चालतं आणि माणूस चालत नाही, असं कसं?" सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या छोट्या सुरक्षा-बैठकीत, त्यालाच स्कोपमधून बघायला लावलं. एक डंपर रस्त्यावरून गेला, मादी हलली नाही. नंतर पायी हद्दीच्या बाहेरून, परवानगी असलेल्या जागेतूनच, एक जण चालत गेला, तेव्हा तिची मान लगेच त्याच्याकडे वळली. त्यानंतर मुकादमाला काही सांगावं लागलं नाही. पुढे तोच इतरांना हाळी देऊन मागे घेई.

पोकलेनचा चालक तर माझा सर्वांत भरवशाचा निरीक्षक झाला. तो दिवसभर केबिनमध्ये, एकाच जागी, कड्याच्या दिशेला तोंड करून बसलेला असे. केबिनमधला माणूस पक्ष्याला वेगळा दिसत नाही, यंत्राचाच भाग वाटतो. मादी उठली की तो घड्याळ बघून वेळ टिपून ठेवायचा, परत आली की पुन्हा. त्याची टिपणं माझ्यापेक्षा नेटकी होती.

एका दुपारी दुसऱ्या कंत्राटातलं मोजणीपथक कड्याच्या माथ्यावर चढलं. त्यांना या हद्दीची कल्पना कुणी दिली नव्हती. प्रिझमचा खांब घेतलेला माणूस बरोबर कपारीच्या वर येऊन उभा राहिला. मादी बाहेर पडली आणि कॅक-कॅक-कॅक करत घिरट्या घालू लागली. नरही आला. पोकलेनचालकाने वॉकीटॉकीवर सांगितलं आणि आम्ही पथकाला खाली बोलावलं, पण कड्यावरून उतरायला वेळ लागतोच. ऊन कडक होतं. अंड्यांना थंडीचीच भीती असते असा समज आहे. उघड्या खडकावर तापलेल्या दुपारी उन्हाची भीती तितकीच मोठी असते, कारण मादी अंगाखाली ऊब देते तशी पंखांची सावलीही धरते. पथक खाली उतरलं, आम्ही सगळे टेकाडामागे गेलो, आणि मादी दोनदा कपारीवरून नुसती उडून गेली. तिसऱ्यांदा आत शिरली. तोपर्यंत आमच्यातलं कुणी एक शब्द बोललं नाही. मुकादमानेही नाही, आणि तो एरवी गप्प बसणारा माणूस नव्हे.

त्या प्रसंगानंतर प्रवेशाची पद्धत बदलली. खाणीच्या बाजूला कुठल्याही कंत्राटातला माणूस जाणार असेल, तर त्याच्या कामाच्या परवान्यावर माझी सही लागेल, असं साहेबांनी लेखी काढलं. विजेची लाइन टाकणाऱ्यांनाही ते लागू झालं. कामाच्या जागी अनेक ठेकेदार असतात आणि घरट्याला धोका बहुधा ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसाकडून होतो. त्याच्या मनात वाईट काहीच नसतं.

मधल्या काळात साहेबांनी एकदा मला विचारलं होतं, "हा पक्षी आता दुर्मीळ राहिलेला नाही म्हणतात, मग एका जोडीसाठी एवढं का?" दुर्मीळ राहिलेला नाही हे खरंच आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो आज धोक्याबाहेरच्या गटात आहे. पण ते आपोआप झालेलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी या कीटकनाशकाचा वापर वाढला आणि त्याचा अंश पक्ष्यांच्या अंगात साठून अंड्यांची कवचं पातळ होऊ लागली. मादी बसली की तिच्याच वजनाने अंडी फुटत. ब्रिटनमध्ये पक्षी-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतली अंडी आणि नवी अंडी ताडून पाहिली आणि १९६७ साली कवचं पातळ झाल्याचं दाखवून दिलं. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या पूर्व भागात एकही जोडी विणीला उरली नव्हती. १९७२ साली तिथे डीडीटीवर बंदी आली, पक्षिशास्त्रज्ञ टॉम केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंजऱ्यात वाढवलेले ससाणे पुन्हा निसर्गात सोडले, आणि १९९९ साली हा पक्षी तिथल्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर पडला. कितीतरी माणसांनी एकेका कड्यासाठी पहारा दिला तेव्हा कुठे हे घडलं. आपल्या कड्याची पाळी आली असताना आपण मागे का सरायचं? मी साहेबांना एवढंच म्हटलं आणि आणखी एक गोष्ट सांगितली. ही जोडी वर्षातून एकदाच पिल्लं वाढवते. अंडी अगदी सुरुवातीला गेली तर ती पंधरा-एक दिवसांनी दुसरी घालू शकते, पण उबवण बरीच पुढे गेल्यावर किंवा पिल्लं गेल्यावर ते वर्ष वाया गेलं. साहेबांना पंधरा-एक दिवसांची गोष्ट जास्त पटली. ते वेळापत्रकाचे माणूस होते.

पिल्लं निघाल्याचंही दिसत नाही, वागण्यातून कळतं. मादी शिकार बाहेर न खाता कपारीत नेऊ लागली, मान खाली करून बारीक बारीक घास भरवताना दिसू लागली, आणि नराच्या फेऱ्या वाढल्या. काही दिवसांनी कपारीच्या काठावर पांढऱ्या लवेचे गोळे दिसले. तीन होते. पुढे एक दिसेनासं झालं. ते का गेलं ते कळलं नाही, आणि त्या दिवसांत साइटवर कुठलीही हालचाल बदललेली नव्हती हे वहीतून तपासलं. कड्यावर एवढं होतच असतं. तरी चालकाने ज्या दिवशी "आज दोनच" असं लिहिलं, तो दिवस मला जड गेला.

या टप्प्यावर धूळ हा नवा प्रश्न आला. भरावाचं काम वाऱ्याच्या दिशेने खाणीकडे सरकलं होतं. पाण्याच्या टँकरच्या फेऱ्या वाढवल्या आणि वारा कड्याकडे वाहत असेल तेव्हा माती टाकायची नाही असं ठरवलं. रात्रीच्या कामाचे फ्लडलाइट कड्यावर पडत होते. ते खाली वळवले आणि त्यांना पत्र्याच्या झडपा लावल्या. एवढ्याने भागलं.

सर्वांत कठीण आठवडे शेवटचे असतात, आणि नेमक्या त्याच वेळी सगळ्यांना वाटतं की आता पिल्लं मोठी झाली, धोका टळला. उलट आहे. अंडी उबताना त्रास झाला तर मादी उठते आणि बहुधा परत येते. पाच आठवड्यांच्या पिल्लाला भीती वाटली तर ते कपारीतून उडी टाकतं, आणि पंखांत बळ आलेलं नसल्याने परत जाऊ शकत नाही. म्हणून त्या आठवड्यांत आम्ही पायी हद्द कमी न करता वाढवली. साइटवर याला विरोध झाला. मोऱ्यांची कामं संपत आली होती, यंत्रं खाणीकडे वळवायची घाई होती, आणि सुरुंगाचा ठेकेदार रोज विचारत होता. बारचार्टमधल्या ओळीचा शेवटचा रंग अजून बाकी होता, एवढंच मी दाखवत राहिले. साहेब माझ्या बाजूने उभे राहिले.

धाकटं पिल्लू तरीही लवकर खाली आलं. वाऱ्याचा जोर होता, ते काठावर पंख फडफडवत होतं आणि उचललं गेलं. ते डंपरच्या वाटेशेजारी, सळ्यांच्या ढिगावर येऊन बसलं. अशा वेळी काय करायचं ते आधीच ठरलेलं आणि सगळ्यांना सांगितलेलं होतं. त्या वाटेवरची वाहनं उभी राहिली. कुणी फोटो काढायला पुढे गेलं नाही. पक्षितज्ज्ञ येईपर्यंत लांबून नजर ठेवली. त्यांनी जाड हातमोजे घालून पिल्लावर टॉवेल टाकला, त्याला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं आणि पंख-पाय तपासले. खायला-प्यायला काही दिलं नाही. घाबरलेल्या पिल्लाच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. जखम नव्हती. त्यामुळे त्याला पुनर्वसन केंद्रात न नेता, वन्यजीव विभागाच्या परवानगीने, खाणीच्या भिंतीच्या बाजूच्या उंच टप्प्यावर ठेवलं. माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लाला टाकतात, ही समजूत चुकीची आहे. आम्ही मागे सरलो आणि संध्याकाळच्या आत मादी शिकार घेऊन त्याच्यापाशी उतरली. त्याचं भावंड काही दिवसांनी कपारीतून नीट उडालं.

फोटोंचा विषय वेगळा सांगायला हवा. बहिरी ससाणा साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या, सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे, कारण त्याच्या पिल्लांना आणि अंड्यांना चोरट्या बाजारात मागणी आहे. त्यामुळे साइटवरच्या पाट्यांवर आम्ही 'प्रवेश निषिद्ध, दरडीचा धोका' असं लिहिलं. दरडीचा धोका खरा होताच. मजुरांना मात्र सगळं खरं सांगितलं होतं. त्यांच्याकडे मोबाइल होते आणि गटांवर फोटो टाकायची सवयही होती, म्हणून विश्वासात घेण्याला पर्याय नव्हता. जागेचा एकही फोटो बाहेर गेला नाही. ज्यांना कारण कळतं ते पाळतात, हा माझा अनुभव आहे, आणि पाटीवर मजकूर लिहून ते कारण समजावता येत नाही.

दोन्ही पिल्लं हवेत शिकारीचा सराव करू लागल्यावर आणि कपारीकडे परतेनाशी झाल्यावर वन्यजीव विभागाने लेखी मोकळीक दिली. मग कटिंग सुरू झालं. पहिल्या वर्षात निम्म्याहून अधिक ससाणे मरतात, तेव्हा या दोघांचं पुढे काय झालं असेल ते सांगता येत नाही. जोडी मात्र आसपास होती. सुरुंगाच्या दिवशी ती समोरच्या विजेच्या मनोऱ्यावर बसलेली दिसली.

कटिंग झाल्यावर त्या भिंतीवरच आणखी एक काम केलं. जुनी कपार आता नव्या रस्त्याच्या बरीच जवळ आली होती. ती बुजवली नाही, पण रस्त्यापासून दूर, भिंतीच्या टोकाला, तितक्याच उंचीवर दुसरी कपार कोरून घेतली. वर खडकाचा थोडा छज्जा ठेवला म्हणजे ऊन-पाऊस थेट येणार नाही, तळ बाहेरच्या बाजूला किंचित उतरता केला म्हणजे पाणी साचणार नाही, आणि त्यात बोटभर जाडीचा बारीक गोट्यांचा थर टाकला. गोटे नसतील तर अंडी दगडावर घरंगळतात. हे सगळं पुढचा विणीचा हंगाम यायच्या कितीतरी आधी पूर्ण केलं. जोडी कुठली जागा निवडेल ते तिच्यावर आहे. दोन्ही मोकळ्या आहेत.

रस्त्याच्या पुढच्या टप्प्याची निविदा निघाली तेव्हा साहेबांनी माझ्याकडून बारचार्टमधली ती ओळ मागवून घेतली. खाणीपासूनचं अंतर, पायी हद्द, सुरुंगबंदीचे महिने आणि निरीक्षकाचा खर्च हे सगळं आता निविदेच्या अटींत आहे. ठेकेदार दर भरायला बसेल तेव्हाच त्याला ते महिने दिसतील आणि तो आपली यंत्रं त्याप्रमाणे लावेल.